धुतलेले माड

"बघ आता," माई म्हणाल्या. "एक तरी डाग दाखव."

मी बघत होते. विहिरीजवळचे ठेंगणे माड सकाळच्या उन्हात नुसते चकचकत होते. सणाला घासलेली भांडी मांडून ठेवावीत तसे ओळीने उभे. झावळ्यांच्या टोकांवरून अजून पाणी ठिबकत होतं. पाटाच्या कडेला रिठ्याचा फेस साचला होता आणि काथ्याचे बोळे विहिरीच्या कठड्यावर वाळत टाकले होते.

"उलटीकडूनही बघ. आम्ही वरवरचं काम करत नाही."

मी एक झावळी खाली ओढली, उलटी केली, एकेक पात बोटांनी चाचपली. काही नाही. हिरवी पात, मधला हीर, आणि जिथे ते जीव चिकटलेले असायचे तिथे फिकट पिवळे ठिपके. पाटी पुसल्यावर अक्षर जेवढं उरतं तेवढे.

"कोणी धुतलं हे?"

"मी. नि दोन गडणी. शिडीवर चढून, या वयात! नाना म्हणाले, वेड लागलंय. मी म्हटलं, लागू दे. मागच्या खेपेला मुलगी आली ती कीड बघून गेली. या खेपेला काय बघेल?"

माझ्या खांद्याला पिशवी होती. तिच्यात रिकाम्या बाटल्या होत्या, फडक्यात गुंडाळून आणलेल्या. मी जरा हलले तशा त्या किणकिणल्या.

"काय गो, डोळ्यांत पाणी आलं तुझ्या?" माईंचा चेहरा खुलला. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "अगो, त्यात काय एवढं. आता हे आपलंच घर."

*

नवीन किडीचं वर्णन लिहायची एक ठरलेली रीत असते. नमुने कुठे मिळाले, मादी कशी दिसते, नर कसा, कुठल्या झाडावर, आणि नाव कशावरून ठेवलं. या रीतीत रडायला जागा नसते. मी आयुष्यभर तशाच रीतीने लिहीत आले, म्हणून ही गोष्टही तशीच सुरू करते. जिथे मोडेल तिथे मोडेल.

नमुने

सावरगाळ, ओगल्यांची वाडी, विहिरीजवळचे तरुण माड. गोळा करणारी शैलजा खांबेटे.

कोणत्या प्रसंगी, हे लिहायचं नसतं. प्रसंग होता घर बघायला जाण्याचा.

मी तेव्हा कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्रात संशोधन करत होते. विषय खवले कीड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पानावर मेणाचा थेंब पडून वाळावा तसा एक ठिपका असतो, मोहरीपेक्षाही लहान. नखाने उचकटला तर खाली एक जीव सापडतो. बहुतेक लोक उचकटत नाहीत. मी जिथे जाईन तिथे पानं उलटी करायचे. देवळात, एस. टी. स्टँडवर, लोकांच्या अंगणात. आई म्हणायची, "माणसं चेहरे बघतात, ही पानांची पोटं बघते."

ओगल्यांकडे पोहे झाले, चहा झाला. मुलाने, म्हणजे मुकुंदने, वाडी दाखवायची म्हणून आम्हां सगळ्यांना विहिरीकडे नेलं. तिथे मी सवयीने झावळी उलटी केली आणि भिंग काढलं.

"काय आहे?" मुकुंदच्या वडिलांनी, नानांनी, विचारलं.

"कीड!" मी म्हणाले.

माझ्या आवाजात आनंद होता. तोच नडला. मुकुंदच्या आईचा, माईंचा, चेहरा असा झाला, की जणू मी पोह्यांत केस दाखवला होता. मी मात्र पातीचा एक तुकडा तोडून रुमालात बांधून घेतला.

परतीच्या एस. टी.त बाबांनी तिकिटं घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "मुलीकडच्यांनी जायचं, घर बघायचं, छान आहे म्हणायचं. कीड काढून आलेली मुलगी मी आजवर ऐकली नव्हती."

"काढली नाही बाबा, सापडली."

"घरी आईला सांगताना हा फरक समजावून सांग."

मादी, प्रौढ

पंख नाहीत. पाय नाहीत. डोळे नाहीत. पिल्लू असताना पाय असतात. एखादा दिवस ते पानावर फिरतं, जागा पसंत करतं, सोंड पानात रुतवतं, आणि पुढे पाय झडून जातात. मग तिथेच, त्याच छपराखाली, शेवटपर्यंत.

ओळख पटते ती शरीराच्या मागच्या टोकाच्या कडेवरून. त्या कडेला बारीक दाते असतात, प्रत्येक प्रजातीचे वेगळे. ते दिसायला मादी कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून आतलं सगळं धुवून काढायचं, उरलेली कातडी रंगवायची आणि काचेवर बसवायची. रुमालातल्या तुकड्यावर चार प्रौढ माद्या होत्या. एक उकळताना विरघळली. एक सुईच्या टोकावरून उडाली ती कुठे गेली ते आजतागायत माहीत नाही. एक काच दाबताना फाटली. राहिली एक.

ती रेगेसरांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. माझे मार्गदर्शक. बोलायला महाग. किती तरी वेळ नळीला डोळा लावून बसले.

"खांबेटे, हिची कड बघितलीत?"

"हो सर."

"मी नाही बघितली अशी कड."

सरांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

"पण एकीवर नाही भागत," ते म्हणाले. "एखादी जन्मतःच वेडीवाकडी असू शकते. दहा आणा. दहाही जणींची कड अशीच निघाली, तर नवीन म्हणू. आणि जरा घाई करा. तुमचं लग्न ठरतंय म्हणे?"

"ठरतंय, सर."

"मग आधी छापा. एकदा छापलं की किडीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं. कायमचं. 'खांबेटे, १९८७'. ते मग कोणाच्या बापाला बदलता येत नाही." चष्मा पुसत ते पुढे म्हणाले, "नवऱ्याच्याही."

ते गमतीत म्हणाले. मी ते गमतीत घेतलं नाही. आमच्या खात्यात माझ्याआधी दोन मुली शिकून गेल्या होत्या. त्यांची नावं मी प्रबंधांवर वाचली होती आणि त्या नावांच्या बायका मला कुठेच भेटल्या नव्हत्या.

दुसऱ्या खेपेला, बोलणी पक्की करायला आम्ही सावरगाळला निघालो, तेव्हा आईने माझ्या पिशवीत रेशमी साडी भरली. साडीच्या घडीत मी फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या भरल्या.

नर

अज्ञात.

वर्णनात बहुतेक वेळा हेच लिहितात. खवले किडीच्या नराला पंख असतात, तोंड नसतं, आणि आयुष्य दिवस-दोन दिवसांचं. पुष्कळ प्रजातींचा नर कोणी पाहिलेलाच नाही. अज्ञात लिहायचं, पुढे जायचं.

मुकुंदबद्दल मात्र लिहायला हवं. तो चिपळूणला शाळेत गणित शिकवायचा. अक्षर सुरेख. समोरचा बोलत असला की मध्ये तोंड घालायचा नाही, ही गोष्ट पुरुषांत मी कमी पाहिली होती. मला तो आवडला होता. हे लिहिलं नाही, तर पुढचं सगळं खोटं ठरेल.

यजमान झाड

नारळ.

तर आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो होतो. सकाळी उठून माईंनी मला न्हायला घातलं, केसांना शिकेकाई लावली, आणि मग हात धरून थेट वाडीत नेलं. तिथे ते धुतलेले माड.

"माई," मी आवाज शक्य तितका साधा ठेवत विचारलं, "सगळ्या झावळ्या धुतल्या? काही तोडल्या असतील ना? फारच किडलेल्या?"

"तोडल्या की. फार लागलेल्या होत्या त्या ठेवून काय करायच्या? त्यांतल्या पुष्कळशा जाळल्या."

"कुठे?"

"चुलाण्यात. दुसरं कुठे?" माईंनी कौतुकाने माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. "तुझ्या आंघोळीचं पाणी त्यांच्यावरच तापलं ना आज. चांगलं कढत होतं म्हणालीस."

म्हणाले होते. मी दोन वेळा म्हणाले होते.

मी न्हाणीकडे धावले. नेसूचं रेशमी, केस मोकळे, पिशवी खांद्यावर किणकिणतेय. न्हाणीच्या मागे चुलाणं अजून धुगधुगत होतं. मी काटकी घेऊन राख उकरायला लागले. एक देठ निघाला, कोळसा झालेला. दुसरा. काठीला लागताच भुगा. मी राखेत बसकण मारली.

"काय शोधताय?" मागून मुकुंदचा आवाज.

"माद्या."

त्याने आधी वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या, चिमटा आणला, आणि माझ्याशेजारी उकिडवा बसून राखेतून देठ काढून देऊ लागला. काय नि कशाला असं त्याने विचारलं नाही. त्याने काढायचं, मी भिंगाखाली धरायचं, आणि टाकून द्यायचं.

"किती हव्यात?"

"दहा."

"आणि नाही मिळाल्या तर?"

"तर ती आहे, पण नाही. नाव नाही तर काही नाही."

"पुढच्या वर्षी परत लागेल की कीड. वाडी कुठे पळून जातेय?"

"पुढच्या वर्षी मी कोण असेन?"

तो हसला. त्याला ते लाडिक वाटलं असावं. मग कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "मीनल ओगले."

"कोण मीनल?"

"माई आज सांगणार होती. आमच्यात लग्नात नाव बदलतात ना, तांदळावर लिहून. मीच निवडलं." त्याने राखेने माखलेल्या बोटाने हवेतच अक्षरं काढली. "घरी ताटात लिहून बघितलं. बाकी सगळं येतं. 'ल' जरा विस्कटतो."

मी त्याच्या बोटाकडे बघत राहिले. तो खरोखर मनापासून बोलत होता. तिथे कोणी दुष्ट माणूस असता, तर माझं काम किती सोपं झालं असतं.

नावाविषयी

घरापुढच्या खळ्यात मांडव घातला होता. छोटासाच, चार खांबांचा, वर हिरव्या झावळ्यांचे ताजे विणलेले झाप. खाली सतरंजी. एका बाजूला बाबा, समोर नाना, बाजूला पानाचं तबक घेऊन माई सुपारी कातरत बसलेल्या. थोरल्या सूनबाई चहा फिरवत होत्या. माझ्या हाताला राख होती. बाबांनी ती पाहिली आणि डोळे मिटले.

"माझं नाव बदलणार आहात?" मी विचारलं.

"शैलजा," बाबा म्हणाले. आमच्या घरात हे पूर्ण वाक्य असतं.

"विचारू दे हो," माई म्हणाल्या. "त्याचं असं आहे बाळ, आमच्या या थोरल्या सूनबाईही शैलजाच. लग्नाआधीपासूनच्या. हिचं आम्ही बदललं नाही, पत्रिकेतलं होतं, गुरुजी म्हणाले राहू दे. आता एका घरात दोन शैलजा. हाक मारली की दोघी धावत येतील."

"किंवा एकही येणार नाही," नाना म्हणाले, आणि स्वतःच हसले.

"मग वहिनींचं बदला."

वहिनींच्या हातातला ट्रे थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, एखादी वस्तू आपली नाहीच असं आता कोणी सांगेल, अशा नजरेने पाहिलं.

"असं कसं?" माई म्हणाल्या. "ती आधी आली."

हा आमचाच नियम होता. दोन जिवांना एक नाव चालत नाही. ज्याला आधी दिलं त्याचं राहतं, नंतरच्याचं बदलतं. नंतरचा जीव कितीही मोठा असो, त्याच्यावर कोणी कितीही घाम गाळलेला असो. जगभरचे शास्त्रज्ञ हा नियम पाळतात. मी तो परीक्षेत लिहिला होता, मला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आणि इथे सुपारी कातरत बसलेली एक बाई तो माझ्या तोंडावर मारत होती, बिनचूक.

"पण मीनल तरी का?" मी म्हणाले. "मला विचारलं असतं."

"आवडलं नाही का?" मुकुंदने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता. "दुसरं शोधू. एवढं काय त्यात. नावच तर आहे."

"मग तुम्ही बदला."

आतून कुकरची शिटी ऐकू आली.

"अहो, असं काय करता?" नाना समजुतीच्या सुरात म्हणाले. "आमच्या हिचंही बदललंच होतं. काही अडलं का? पस्तीस-छत्तीस वर्षं संसार केला."

"काय होतं आधीचं?"

"काय होतं गो तुझं?" नानांनी डोकं खाजवलं. "थांब, सांगतो. द्वारका."

अडकित्ता थांबला.

"द्वारका माझी बहीण," माई म्हणाल्या.

नाना चहा प्यायले. कप रिकामा होता, तरी प्यायले.

"वेणू," माई म्हणाल्या. कोणाकडे बघून नाही, तबकाकडे बघून. आणि सुपारीचं पुढचं खांड कातरलं.

मला कोणाच्याच तोंडाकडे बघवेना. बाबांकडे नाही, मुकुंदकडे नाही, माईंकडे तर मुळीच नाही. म्हणून मी वर बघितलं.

वर झाप होते. झाप विणताना पात दुमडत नेतात. कुठे तिची पाठ खाली येते, कुठे पोट. जिथे पोट खाली होतं तिथे, हिरव्यावर, ओळीने, मेणाचे ठिपके. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर. बाबांच्या टोपीवर, पानाच्या तबकावर, मोडत आलेल्या सोयरिकीवर.

"माई," मी म्हणाले, "हे झाप कुठल्या झावळ्यांचे?"

"तिथल्याच. तोडल्या त्यांतल्या बऱ्या होत्या त्या विणून घेतल्या. सगळ्याच जाळायच्या की काय?"

"या धुतल्या नाहीत?"

माईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्या ओशाळून म्हणाल्या, "अगो, वर कोण बघतंय?"

पडवीत एक उंच स्टूल होतं. मी ते ओढत आणलं, पदर खोचला आणि चढले.

"शैलजा, खाली उतर," बाबा म्हणाले.

मी झापाची कड धरून ओढली. सुंभ तटकन तुटलं. एक अख्खा झाप लोंबायला लागला, आणि त्याच्या पोटावर माद्या, प्रौढ, गोल, धड, एकीला एक लागून. दहा? शंभर असतील.

"मांडव!" नाना उठून उभे राहिले. "शुभकार्याचा मांडव मोडतेय ही! मुकुंद, अरे बघतोस काय?"

मुकुंद खरंच बघत होता. त्याचे हात अर्धे वर उचललेले होते. मला धरायला की मांडव धरायला, ते त्याचं ठरत नव्हतं. मी त्याची वाट पाहिली. स्टुलावर उभी राहून, एका हातात झाप धरून, चांगली वाट पाहिली. ते हात तसेच राहिले.

स्टूल डगमगलं. आणि मग डगमगायचं थांबलं.

खाली माई होत्या. दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून.

"जपून," त्या म्हणाल्या. "त्याचा तो पाय लंगडा आहे."

"माई, माझी पिशवी."

त्यांनी पायाने पिशवी जवळ ओढली, फडकं सोडलं, आणि एकेक बाटली वर देऊ लागल्या. नाना ओरडत होते. वहिनी ट्रे छातीशी धरून उभ्या होत्या आणि मला वाटतं, त्या हसत होत्या. पण याची मी खात्री देत नाही.

"एवढ्यासाठी रडलीस होय सकाळी?" माईंनी खालून विचारलं.

"हो."

"आणि मी आपली..." पुढची बाटली वर आली.

*

ओगल्यांचा निरोप मध्यस्थाकडून आला. पत्रिका जुळत नाही. ती आधी जुळली होती, दोन गुरुजींनी जुळवली होती, पण मांडव मोडल्यावर ग्रहही फिरत असावेत. बाबा माझ्याशी कितीतरी दिवस आईमार्फत बोलत होते. "तिला म्हणावं, जेवायला ये."

मुकुंदचं पुढे लग्न झालं. त्या घरात आता मीनल आहे. तिचं आधीचं नाव मला माहीत नाही.

माझं काय झालं, लग्न केलं का, कोणाशी, हे या वर्णनात बसत नाही.

दहाही जणींची कड तशीच निघाली. सरांनी लेख वाचला, दोन स्वल्पविराम काढले, आणि नावावर बोट ठेवलं.

"वेणू कोण?"

"नमुने गोळा करायला मदत झाली."

"मग आभारात लिहा."

"नाही, सर. नावातच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. वेणूच्या नावाला लॅटिन शेपूट लागलं, त्याच्यापुढे खांबेटे, त्याच्यापुढे साल. लेखाची एक प्रत मी सावरगाळला पाठवली. उत्तर आलं नाही. नाना टपाल आधी बघत असणार, असं मी मनाशी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात माई प्रयोगशाळेत आल्या. आत एकट्याच. डोळे तपासायला तालुक्याला आल्ये, म्हणाल्या. थोरल्या सूनबाईंना बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. खुर्चीवर टेकल्या नाहीत.

"दाखव."

मी काच लावली. त्यांनी नळीला डोळा लावला.

"काळं काळं हलतंय."

"त्या तुमच्या पापण्या. जरा मागे व्हा."

"आता गुलाबी दिसतंय. पोळीसारखं." त्यांनी दुसरा डोळा हाताने झाकला. "हीच का ती?"

"हीच."

"हिला पाय कुठायत?"

"नसतात."

"बरंय. चपलांचा खर्च नाही. डोळे?"

"नाहीत."

"मग खाते कशी?"

"बसल्या जागी. दिवसभर."

"अगोबाई! हे सुख." त्यांनी डोळा न काढताच विचारलं, "आणि नवरा?"

"अज्ञात."

माई इतक्या हसल्या, की काच हलली आणि वेणू दिसेनाशी झाली. पदराने डोळे पुसत त्या सरळ झाल्या. मग आवाज उतरवून विचारलं, "हे नाव आता कोणी बदलायचं नाही ना?"

"नाही. नियमच आहे तसा."

"कोणी मोठा माणूस आला नि म्हणाला तरी?"

"कोणीही आला तरी."

त्यांनी मान हलवली. व्यवहार पक्का झाल्यावर हलवतात तशी. पिशवीतून एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं. "रिठे आहेत. केसांना लाव. माडांना नको."

त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.

टीप

गेल्या वर्षी, मी निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, कोलंबोहून एका अनोळखी संशोधक बाईंचा निरोप आला. सोबत छायाचित्रं. सिलोनमधला नारळ, इंग्रजांच्या काळातले नमुने, कोण्या मळेवाल्याने हौसेने केलेलं वर्णन. चित्र इतकं वाईट काढलेलं, की त्यावरून कोणीच कधी काही ओळखलं नाही. मीही नाही, रेगेसरांनीही नाही. आता त्या बाईंनी मूळ काच शोधून नव्याने छायाचित्र घेतलं होतं. आपल्याला काय वाटतं, असं त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं होतं.

मला काय वाटतं! मी माझ्या काचा परत काढवून घेतल्या. दिवसचे दिवस बसले. वेगळी ठरायला एक दाता जास्त हवा होता. एक छिद्र कमी चाललं असतं. डोळे लाल झाले, मान धरली. मी त्या मळेवाल्याला शिव्या दिल्या, त्याच्या चित्राला दिल्या, त्याच्या पेन्सिलीला दिल्या. कड तीच. दात्याला दाता तोच. नवीन प्रजाती नव्हतीच. कधीच नव्हती. माड धुतले गेले, मांडव मोडला, सोयरीक गेली, ते सगळं आधीच कोणीतरी पाहून नाव दिलेल्या किडीसाठी.

आणि माईंना मी म्हणाले होते, कोणीही आला तरी.

मी त्या बाईंना लिहिलं: आपलं बरोबर आहे. सिलोनचं नाव आधीचं, ते राहील. माझं त्याच्या खाली जाईल.

मग संग्रहालयात गेले. काचांवर नवीन नावाच्या चिठ्ठ्या डकवायच्या होत्या, आणि ते दुसऱ्या कोणी केलेलं मला चाललं नसतं. तिथे साळवी म्हणून नवे गृहस्थ बदलून आले होते, नीटनेटके, कामाला तत्पर. त्यांनी गोंद दिला, खुर्ची दिली. मी एकेक काच घेऊन सिलोनचं नाव लिहिलं आणि मागच्या बाजूला डकवलं. दहाही काचांवर.

साळवींनी एक काच उजेडात धरली. समोरून पिवळी पडलेली जुनी चिठ्ठी, माझं पंचविशीतलं अक्षर.

"मॅडम, ही जुनी काढून टाकू ना?" ब्लेड त्यांच्या हातात तयार होतं. "आता हे नाव चालत नाही, तर दोन दोन कशाला?"

"नको," मी म्हणाले. "राहू द्या. ती आधी आली."